लेन्सच्या जरा वर

बाबांना मॉडेल व्हायचं होतं. ठकूला ही बातमी आत्याने फोनवर दिली, आणि तीही घराला आग लागल्याची वर्दी द्यावी तशा आवाजात.

"तुझ्या आईला जाऊन अजून वर्ष नाही झालं, आणि दादा निघालाय फोटो काढून घ्यायला! जाहिरातीत झळकणार म्हणे. मला तर कुठे तोंड लपवू असं झालंय बाई."

"तू कशाला लपवतेस? तोंड त्यांचं दिसणार आहे," ठकू म्हणाली खरी, पण फोन ठेवल्यावर तिला चैन पडेना. मग तिने रजा टाकली, पिशवी भरली आणि बाबांकडे येऊन थडकली.

हे खूळ न्हाव्याने भरवलं होतं. "काका, पिकल्या केसांना हल्ली फार मागणी आहे," तो केस कापता कापता म्हणाला होता. "विमा म्हणा, चष्मे म्हणा, गुडघ्यांचं मलम म्हणा, आजोबा लागतातच. तुमचं हे रुपेरी डोकं मी कापतो आणि केरात लोटतो, जिवावर येतं हो." त्याच्या ओळखीची एक फोटोवाली होती. मॉडेल होऊ पाहणाऱ्यांचे फोटो काढून ती जाहिरातवाल्यांकडे पाठवायची. चष्म्यांच्या एका जाहिरातीसाठी आजोबा शोधणं चालूच होतं. फोटो पसंत पडले, तर काम मिळणार होतं.

बाबांची सगळी नोकरी पाण्याचे मीटर वाचण्यात गेली होती. जिन्याखाली वाकायचं, लोखंडी झाकण उचलायचं, आकडा टिपायचा आणि पुढच्या घरी जायचं. दार उघडणारा माणूस त्यांची टोपी बघायचा, हातातली बॅटरी बघायचा. चेहरा कोणी बघत नसे.

"पण तुम्हाला हे करायचंय कशासाठी?" ठकूने जेवताना विचारलं.

बाबांनी घास संपवला. "दिवसभर भिंतींकडे बघत असतो मी," ते म्हणाले. "भिंती काही उलट बघत नाहीत."

ठकूने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला, आणि मनाशी ठरवलं की हे आता नीटच व्हायला हवं.

फोटोवालीने सूचना पाठवल्या होत्या. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे नकोत, फोटोत ते लहरतात. केस आदल्या दिवशी कापू नयेत. घट्ट मोजे, घड्याळ सकाळपासूनच घालू नयेत, कातडीवर वळ राहतात. पाणी भरपूर प्या, झोप घ्या, आरशासमोर थोडा सराव करा. बाबांनी हे सगळं परीक्षेला बसल्यासारखं मनावर घेतलं. घड्याळ काढलं ते काढलंच, आणि मग दर थोड्या वेळाने उघड्या मनगटाकडे बघून वेळ ठकूलाच विचारत राहिले.

ते दिवस ठकूला पुढे कधी आठवले, तर झोपेत पाहिल्यासारखे आठवत. दुपारी घर शांत असायचं. तिने खोलीतला पलंग सरकवून भिंतीवर पांढरी चादर लावली होती. खिडकीतून येणारं ऊन चादरीवर पसरायचं आणि खोली दुधाने भरल्यासारखी व्हायची. त्या दुधात बाबा अनवाणी फिरायचे, कधी निळ्या शर्टात, कधी करड्या स्वेटरमध्ये, कधी लग्नासाठी शिवलेल्या आणि पोटावर आता न मिटणाऱ्या कोटात. कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत राहायचे. ठकू चिकटपट्टी बोटांना उलटी गुंडाळून कोटावरचे तंतू टिपायची. दोघं मिळून कुठल्या तरी प्रवासाची तयारी करत आहेत आणि गाव कुठलं ते कोणालाच विचारायचं नाही, असं वाटायचं.

मग ती मोबाइल छातीपाशी धरायची. "हं, बघा इकडे."

फोटो छान यायचे. एकच गोष्ट चुकायची. बाबांची नजर लेन्सच्या जरा वर जायची.

"लेन्सकडे बघा, बाबा."

"मग कुठे बघतोय? तिकडेच तर बघतोय."

"वर बघताय."

"तूच हात हलवतेस."

तिने हात हलवला नव्हता. मोबाइलच्या पाठीवर तिने लाल टिकली चिकटवली. बाबा टिकलीकडे टक लावून बघायचे, अगदी इमानदारीने, आणि बोट दाबायच्या क्षणी त्यांची नजर हलकेच वर सरकायची. मोबाइल ठकूने उंच धरला तर ती त्याच्याही वर जायची. मागे दार उघडून कोणीतरी आत आलं असावं, अशी ती नजर होती. एकदा तर ठकूने खरंच मागे वळून बघितलं. दारात ऊन होतं, आणखी काही नव्हतं.

कारण तिला त्याच संध्याकाळी कळलं. दिवा लावायला ती दोन खोल्यांमधल्या बोळात गेली. तिथल्या भिंतीवर घरातले फोटो लावले होते, येता जाता दिसणारे आणि म्हणूनच कधी न बघितलेले. बाबा सायकलपाशी. बाबा तलावाकाठी. बाबा तान्ह्या ठकूला कडेवर घेऊन. फोटो सगळे आईने काढलेले. आईचा जुना कॅमेरा पोटाशी धरायचा होता, त्यात वरून डोकावून बघावं लागे. प्रत्येक फोटोत बाबा कॅमेऱ्याच्या वर बघत होते, आई जिथे मान खाली घालून उभी असायची तिथे. भिंतीवर आई कुठेच नव्हती. होती ती एवढीच, बाबा जिकडे बघत होते तिथे.

ठकू दिव्याच्या बटणावर हात ठेवून उभी राहिली. हे बाबांना सांगितलं असतं, तर त्यांची नजर कदाचित वळली असती. पण ती नजर खाली आणायची म्हणजे आईला तिथून जायला सांगायचं. तिने सांगितलं नाही. उद्या स्टुडिओत जमेल, ती स्वतःला म्हणाली. तिथे खरे दिवे असतील, खरा कॅमेरा असेल.

स्टुडिओ म्हणजे एक उंच, पांढरी खोली होती. भिंतीवरून पांढरा कागद खाली येत येत जमिनीवर पसरला होता. भिंत कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते, ते कळतच नव्हतं. त्यावर चालणारा माणूस ढगात शिरल्यासारखा दिसायचा. बाबांनी उंबरा ओलांडावा तसा पाय जपून टाकला.

बाहेरच्या बाकावर एक उंच मुलगी आपला नंबर यायची वाट बघत होती. तिने आल्या आल्याच बाबांना ताब्यात घेतलं होतं. "आजोबा, हनुवटी पुढे काढायची. कासव कवचातून डोकं काढतं ना, तशी. वेड्यासारखं वाटतं, पण फोटोत जबडा रेखीव येतो."

"आजोबा नको म्हणूस ग," बाबा म्हणाले.

"आजोबा म्हणूनच तर आधी घेतायत तुम्हाला! काका असतात तर रांगेत माझ्या मागे असतात." ती खळखळून हसली, आणि बाबांनी तिथेच बसून मनापासून कासव केलं.

पण दिव्यांखाली उभं राहिल्यावर पुन्हा तेच. फोटोवाली गोड स्वभावाची होती. "काका, लेन्सकडे. लेन्सकडे काका. खाली, अजून जरा." ती स्टुलावर चढली, बाबांची नजर स्टुलाच्याही वर गेली. उंच मुलगी दारातून कासवाची खूण करत होती. बाबांच्या कपाळावर घाम आला. शेवटी फोटोवालीने कॅमेरा खाली ठेवला आणि ठकूला बाजूला घेतलं.

"चेहरा फार सुंदर आहे हो त्यांचा. पण असे फोटो पाठवता येणार नाहीत. बघणाऱ्याला वाटायला हवं की हा माणूस आपल्याकडे बघतोय. चष्मा विकायचाय ना! तुम्ही बोलून बघा. मी लाइट बदलते तोवर."

ठकू कागदावर गेली. पायात फक्त मोजे होते, पावलांचा आवाज झाला नाही. ती बाबांच्या खांद्यावरचा तंतू टिपू लागली. तंतू नव्हता.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "आई तिथे नाहीये."

दिव्यांचा बारीक गुणगुणाट ऐकू येत होता.

"मला माहीत आहे ग," बाबा म्हणाले. "ती फोटो काढताना मान खाली घालायची. मला नुसता भांग दिसायचा तिचा. मी वाट बघायचो, आता वर बघेल, आता बघेल. खटका दाबल्यावरच वर बघायची, आणि मग हसायची." त्यांनी कोटाचं बटण चाचपलं. "फोटो काढायला उभं राहिलं की मी अजून थांबतो. एवढंच आहे ते."

ठकूने त्यांचा दंड धरला. जाऊ दे, घरी चला, असं ओठांवर आलं होतं.

"तू बाहेर बस," बाबा म्हणाले. "तू समोर असलीस की मला तिचीच आठवण येते. तुझा भांगही तस्साच आहे."

ती बाहेर येऊन बाकावर बसली. दार लोटलेलं होतं. आतून फोटोवालीचा आवाज आला, "लेन्सकडे, काका," मग पुन्हा एकदा तेच, आणि नंतर बराच वेळ काहीच नाही. मग खटका वाजला. लगेच दुसरा. मग ते थेंब पडावेत तसे सावकाश, एकामागून एक पडत राहिले.

"या आत," फोटोवालीने हाक मारली. "हा बघा. हाच पाठवते मी."

कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर बाबा होते. मागे काही नव्हतं, फक्त पांढरं. चेहऱ्यावर हसू असं नव्हतं, पण कोणी काही विचारलं तर लगेच सांगतील असा चेहरा होता. आणि ते ठकूकडे बघत होते. ती डावीकडे सरकली. बाबा बघतच होते. उजवीकडे आली, तरी बघत होते. लहानपणापासून बघितलेल्या इतक्या फोटोंमध्ये तिच्या डोक्यावरून पलीकडे बघणारे बाबा आज पहिल्यांदाच फोटोतून तिच्याकडे बघत होते.

खरे बाबा मोजे सावरत तिच्या मागे येऊन उभे राहिले. "जमलं का?"

"जमलं," ठकू म्हणाली. "कसं जमलं?"

"काळं भोकच आहे ते," बाबा म्हणाले. "पण बघत राहिलं की आत कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. कोण ते नाही दिसलं मला."

"काका, आता निळा शर्ट," फोटोवाली म्हणाली. बाबा आडोशाला कपडे बदलायला गेले. तिथून त्यांचं उंच मुलीशी बोलणं ऐकू येत होतं, कॉलर आत की बाहेर यावर चाललेलं. ठकू वळली नाही. पडद्यावरचे बाबा तिच्याकडे बघत होते, आणि तीही उलट बघत राहिली.