रविवारी न बोलणारा रेडिओ

अकराला पाच मिनिटं कमी असली की आमच्या मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. पलंगावर चौघी, खाली सात-आठ जण, दारात चपलांचा ढीग, आणि सगळ्यांचे डोळे फळीवरच्या लाकडी रेडिओवर. रेडिओ माझ्या बाबांचा. बाबा जाऊन पंधरा दिवस झाले होते. रेडिओ जाऊन सहा वर्षं.

"बघा, नीट बघा," आत्याने आणलेले लहरीबुवा रेडिओची वायर उचलून म्हणाले. तिच्या टोकाचा प्लग हवेत लोंबकळत होता. "वीज आहे? नाही. तार जोडली आहे? नाही. मग बोलतं कोण?"

"तेच," आत्या म्हणाली. भाऊ गेल्यापासून ती याच एका शब्दावर जगत होती.

"देह म्हणजे खोकं. आवाज म्हणजे लहर. खोकं मोडतं, लहर मोडत नाही." बुवांनी निळ्या काठाच्या रुमालाने कपाळ टिपलं. "फक्त रेडिओला हात लावू नका. कंप तुटतो."

पूर्वी ते घरोघरी पाण्याची गाळणयंत्रं विकत. तेव्हाही असंच म्हणत: आतलं उघडू नका, हमी जाते.

अकरा वाजले. रेडिओतून घसा खाकरल्याचा आवाज आला. ती खाकर मी चाळीस वर्षं ऐकली आहे. फोन उचलला की शब्दाआधी तीच यायची.

"आज गुरुवार. पांढरी पूर्ण, गुलाबी अर्धी. पाण्याबरोबर गं, चहाबरोबर नको. घेतलीस? हं."

आई पदर तोंडाला लावून बसली होती. "घेतली नाही हो," ती रेडिओला म्हणाली.

"शब्दांकडे लक्ष देऊ नका, माई," बुवा हळूच म्हणाले. "ती देहाची जुनी सवय. आवाजाकडे लक्ष द्या."

रक्तदाबाच्या गोळ्या आईने चार दिवसांपूर्वी, रविवारपासून बंद केल्या होत्या. त्याचं कारण असं. दर शनिवारी रेडिओ म्हणायचा, "उद्या मी येतोच." त्यामुळे रविवारी आई बाबांचा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर घालून बसली; आणि रविवारी रेडिओ एक अक्षर बोलला नाही. लहरीबुवांनी उलगडा केला: "ते आले होते, माई. गोळ्यांनी तुमचा कान जड झालाय. आठवडाभर गोळ्या सोडा, येत्या रविवारी भेट होईल."

मी पुस्तकांची मुद्रितं तपासून पोट भरते. कोणी चुकलं की बोलायची सवय आहे. मी बोलले. आई म्हणाली, "तुला एवढं वाचून काय कळलं? तुला त्यांचा आवाज येतोय की नाही?"

येत होता. पंचाईत तीच होती. त्या सकाळी रक्तदाबाच्या यंत्रावर तिचा वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर होता.

मी उठून पुढच्या खोलीत आले आणि मधलं दार लोटलं. टेबलावर बाबांचा लॅपटॉप होता. इस्पितळात दाखल व्हायला निघताना त्यांनी बजावलं होतं, "चार्जर काढू नका, बंद करू नका." तेव्हापासून तो तसाच चालू होता. त्यावर लिनक्स होतं, कोणालाही उघडून बदलता येणारी संगणकप्रणाली. बाबा आयुष्यभर रेडिओ दुरुस्त करत, आणि जे यंत्र मालकाला उघडता येत नाही ते त्यांना भाड्याचं वाटे. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने एकदा ते पाहून हात जोडले होते: "काका, हे तुमचं तुम्हीच बघा."

मला त्यांना हलताना बघायचं होतं. एक व्हिडिओ सापडला: बाबा टेबलाशी वाकून पेचकसाने एका डब्यावर ठोकताहेत. हात हलत होता, आवाज मात्र नव्हता. मी आवाज पूर्ण वाढवला. तरी काहीच नाही.

मागच्या खोलीतून आत्या ओरडली, "टकटक! ऐकलंत? टकटक झाली!"

मी कंटाळून मान हलवली. आता टकटकही सुरू झाली.

आवाज जाण्याचा हा त्रास माझ्या लॅपटॉपवरही व्हायचा, आणि बाबा फोनवरून मला पायरी पायरीने न्यायचे. आधी मुकं केलंय का बघ. मग चाचणीचा आवाज सोड. नळ उघडल्यासारखा खरखराट येतो. मी तो सोडला. कान लॅपटॉपला लावला. शांत.

"श्वास!" या वेळी शिलाईवाल्या काकू. "अगं बाई, श्वास घेताहेत!"

माझं बोट बटणावरच राहिलं. मी चाचणी थांबवली.

"थांबला," आतून कोणीतरी म्हणालं.

सुरू केली.

"परत आला!"

बंद. सुरू. बंद. माझ्या मेलेल्या बापाला मी तीन वेळा श्वास घ्यायला लावला आणि तीनही वेळा भिंतीपलीकडे हुंदके आले. अशा वेळी हसू यायला हवं होतं. मी खुर्चीत मागे टेकले.

बाबांचं एक वाक्य होतं, गिऱ्हाइकांसाठीचं: आवाज गेला म्हणू नका, कुठे गेला ते विचारा. मी आवाजाच्या वाटा दाखवणारी खिडकी उघडली. वाटा दोन होत्या. एक लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरची, ती मोकळी. दुसरी ब्लूटूथने, बिनतारी, बाहेर जाणारी. तिच्यापुढची हिरवी पट्टी चाचणी सोडली की नाचत होती. लॅपटॉप मुका नव्हताच. तो पलीकडच्या खोलीत बोलत होता.

शुक्रवारी गर्दी पांगल्यावर आई आंघोळीला गेली, तेव्हा मी रेडिओची पाठ उघडली. जुना संसार सगळा काढलेला. त्या जागी बिनतारी आवाज पकडणारी एक लहानशी नवी पट्टी, एक स्पीकर, आणि फळीच्या भोकातून कपाटामागे उतरलेली बारीक वायर. तिच्या शेवटी मोबाईलचा चार्जर, भिंतीत खोचलेला, चालू. बाबा जुनी वस्तू बाहेरून कधी बदलत नसत. म्हणून मूळ वायर आणि प्लग शोभेला तसेच लोंबकळत ठेवले होते. चार्जरचा दिवा मात्र दिसत नव्हता. त्यावर कोणीतरी रुमाल टाकला होता. निळ्या काठाचा.

लॅपटॉपमध्ये ठरल्या वेळी करायच्या कामांची यादी होती. वेळ अकराची. ओळी सहा: सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. पुढे प्रत्येकीचं ध्वनिमुद्रण. दाखल व्हायच्या दिवशी, रविवारी, केलेलं. बाबा बुधवारी गेले. तोवर आई रोज इस्पितळात, घराला कुलूप; रेडिओ रिकाम्या खोलीला गोळ्या विचारत राहिला होता.

हे शोधून मला आनंद झाला असं मी लिहिणार नाही. आईला ते सांगणं म्हणजे त्यांना पुन्हा एकदा उचलून नेणं होतं. पण रविवार दोन दिवसांवर होता, आणि त्या दिवशीही रेडिओ गप्प राहणार होता. मग बुवांनी तिला आणखी काय सोडायला लावलं असतं?

शनिवारी पावणेअकराला मी लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत गेले.

"ताई, यंत्र इथे नको," बुवा म्हणाले. "कंप..."

"तुटू दे." मी रेडिओ फिरवून सगळ्यांना त्याची पाठ दाखवली. वायर धरून कपाटामागून चार्जर वर आणला. "आणि बुवा, हा तुमचा रुमाल. चार्जरवर राहिला होता."

काकू पुढे वाकल्या. "अगं बाई! हा तर माझ्या मोबाईलसारखाच!"

बुवांनी रुमाल घेतला नाही. "आत्म्यालाही माध्यम लागतं. चार्जर निमित्तमात्र."

मी आवाजाची वाट बदलून लॅपटॉपकडे वळवली आणि तो मांडीवर घेऊन बसले. अकरा वाजले. रेडिओ गप्प. खाकर माझ्या मांडीवरून आली.

"लेकीकडे आले!" आत्या रडू लागली.

"आले!" बुवांनी संधी सोडली नाही. "लेकीच्या..."

मी कळ दाबली. वाक्याच्या मध्येच बाबा रेडिओत गेले. पुन्हा दाबली, मांडीवर. पुन्हा, रेडिओत.

"आत्म्याची फारच धावपळ होतेय," काकू म्हणाल्या. कोणीतरी फिस्सकन हसलं.

"आता अकरा वाजून चार मिनिटं झालीत," मी म्हणाले, आणि तेच मुद्रण हाताने लावलं. तीच खाकर, तेच शब्द, तसाच मधला थांबा: "आज शनिवार. पांढरी पूर्ण, गुलाबी अर्धी. उद्या मी येतोच."

लहरीबुवा उठले. श्रद्धेच्या घरात यंत्रं शिरली की असंच व्हायचं, असं काहीसं म्हणाले. पण ते रोज सगळ्यांच्या आधी येत. त्यांच्या चपला ढिगाच्या तळाशी होत्या. बराच वेळ त्यांना उकिडवं बसून शोधावं लागलं आणि कोणी उठून मदत केली नाही.

आई लॅपटॉपवरच्या यादीकडे बघत होती. "ही सहाच आहेत."

"हो."

"रविवारचं?"

मला उत्तर माहीत होतं.

"रविवारी सकाळी इस्पितळातून सोडणार होते त्यांना," आई म्हणाली. अगदी सावकाश, हिशेब जुळवल्यासारखी. "अकराला ते स्वतःच विचारणार होते."

आत्यासुद्धा "तेच" म्हणाली नाही.

मग आई उठली, पुढच्या खोलीत गेली. डबी उघडल्याचा आवाज आला. पांढरी पूर्ण, गुलाबी अर्धी. पाण्याबरोबर.

ही गोष्ट लिहिली ती बुवांची फजिती सांगायला नाही. त्यांचा धंदा दुसऱ्या गल्लीत चालू असेल. लिहिली ती यासाठी की तो आवाज खोलीभर लोकांनी ऐकला आणि तो काय सांगतोय ते एकानेही ऐकलं नाही. बिनतारी बोलणारं काहीही दिसलं तर त्याची पाठ उघडून बघा. जो उघडू देत नाही त्याला कारण विचारा. आणि ज्याला डॉक्टरांनी गोळी दिली आहे त्याने ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये, सांगणारा कोणत्याही लोकातून बोलत असो.

रविवारी घर रिकामं होतं. अकराला पाच मिनिटं असताना आईने स्वेटर घडी करून कपाटात ठेवला आणि लॅपटॉपपाशी आली.

"ते सहा पुसू नकोस. पण त्यांचा आवाज या खोलीत आण. गोळ्या इथे असतात."

मी वाट बदलली. अकरा वाजले. लॅपटॉप काहीच बोलला नाही.

"गोळी घेतलीस का गं?" मी विचारलं.

"घेते," आई म्हणाली.