इंजनाजवळचा फोटो

माणूस जित्तं असताना त्याच्या नावाआधी 'कै.' लावायचं, ह्याला काय म्हणायचं, तुमीच सांगा राव. आमच्या डिंगोऱ्यात हे घडलं, दोन हजार तीन साली, आनि तेबी शाळेत.

शाळेला पन्नास वर्सं झाली म्हणून गावच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं व्हतं. आमच्या घरचा फोटो मीच नेऊन दिला. गावात पहिलं ऑइल इंजन आलं, त्या दिवशीचा. इंजनाला हार घातलेला, मधी माजे वडील आप्पा फेटा बांधून, कडंनं गडीमाणसं, आनि एका टोकाला नाकापतूर पदर घेतलेली बाई. आप्पा मरस्तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "ही आमची सरू. हिच्याच हिरीवर इंजन बसवलं." सरू म्हंजी माजी चुलती. काका ऐन तरणेपणी गेले, तर हिनं रडत न बसता अंगावरचं सोनं मोडून इंजन आणलं. मी तवा पाळण्यात व्हतो.

हॉलात शिरलो आनि डोकंच फिरलं. फोटोला हार, काचेवर कुंकू, म्होरं उदबत्ती. खालच्या पट्टीवर सगळ्यांची नावं, आनि शेवटाला 'कै. सरूबाई'.

कमिटीचा अध्यक्ष गोरख तिथंच खुर्च्या मांडून घेत व्हता. त्याला धरला. "अरं, काकी जित्ती हाय. निरगुडसरला लेकीकडं ऱ्हाते. ठावं न्हाई व्हय तुला?"

"भाऊ, जित्त्या माणसाचा फोटो भिंतीवर लावतंय का कुनी? जुन्या फोटोत सगळे गेलेलेच असत्यात, म्हणून सरसकट लावलं. एवढ्यातेवढ्यानं काय बिघडतंय?"

"मग तुज्या आईच्या नावाआधी लाव की."

तरीबी तो पट्टी बदलायला तयार न्हाई. म्हणे पेंटरकडनं रंगवून घेतलीय, उद्या पावणं येणार. वर म्हणतो कसा, म्हातारी काय बघायला येतीय?

माज्या तळपायाची आग मस्तकात गेली. "येतीय," म्हणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप करून निरगुडसर गाठलं. काकीला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणली, "इंजनाचा फोटो व्हय?" आनि लुगडं बदलून आली. वाटंनं मी गोरख्याला शिव्या घालत व्हतो, ती मातूर बाहेर बघत बसली व्हती.

हॉल गच्च भरलेला. मी काकीचा हात धरून तिला थेट फोटोपुढं उभी केली आनि पावण्यांना ऐकू जाईल असं म्हणलो, "बघून घ्या. तुमची कैलासवासी चालत आलीय."

लोक हसले. गोरख खाली मान घालून आला आनि ब्लेडनं 'कै.' खरवडायला लागला. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"थांब बाबा," काकी म्हणली. तिनं डोळे बारीक करून फोटो बघितला. "ही मी न्हाईच. ही लंकाबाई हाय. खुरपायला यायची आमच्याकडं."

"आनि तू कुटं हायेस?" मी इचारलं.

"मी गोठ्यात व्हते. पूजंला ताट घिऊन पुढं झाले, तर म्हणले, रांडमुंड बाईचं तोंड नगं पहिल्या दिवशी, इंजन चालायचं न्हाई. फोटोवाला म्हणला, एखादी बाई तरी पायजे, तवा लंकाबाईला हुबी केली. मी इंजनाचा आवाज ऐकला गोठ्यातनं. मला तवाच मेलेली धरली व्हती, ह्या पोराला कशाला बोलतोस?"

तिची हीर, तिचं सोनं, आनि तिलाच गोठ्यात कोंडायची?

"कोन म्हणलं असं? नाव सांग त्याचं," मी म्हणलो.

काकीनं माज्याकडं बघितलं.

"तुजा बाप," म्हणली.

आप्पांना मी जलमात उलट बोललो न्हवतो. त्या दिवशी पावण्यांच्या देखत, फोटोपुढं हुबा ऱ्हाऊन बोललो. "हिच्या इंजनावर आपलं सगळं घर जगलं, आप्पा. आनि दुसरीच बाई दाखवून सांगत ऱ्हायलात, ही आमची सरू? लाज कशी वाटली न्हाई तुमाला?"

काकीनं माजा दंड धरला. "हळू बोल. गेलेलं माणूस हाय."

मी हळू बोललो न्हाई.