मुंग्यांचा बंदोबस्त

या गोष्टीच्या शेवटी आठनंबरचे पाय सुधारतात. नागरिकहो, हे तुम्ही वाचलेलं नाही आणि मी लिहिलेलं नाही. सध्या तो पलंगावर बसला आहे, पलंगाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत आहेत आणि त्याला खाली उतरायची परवानगी नाही.

आठनंबर हा बुटांच्या दुकानातला विक्रेता. ग्राहकाच्या पायाकडे नुसतं बघून माप सांगायचा आणि बहुतेक वेळा आठच सांगायचा, म्हणून हे नाव. मध्यंतरी त्याच्या मानेला गाठ आली आणि तपासणीत टीबी निघाला. "फुप्फुसात नाही, तुमच्यापासून कुणाला लागणार नाही. गोळ्या तेवढ्या पूर्ण करा," डॉक्टर म्हणाले. त्यातलं 'टीबी' एवढंच त्याला ऐकू आलं. घरी त्याने 'ताकदीच्या गोळ्या' म्हणून सांगितलं आणि त्या बुटाच्या खोक्यात, डाव्या बुटाच्या पोटात ठेवल्या.

काही आठवड्यांनी तळपायांची आग होऊ लागली. जेवताना तो बायकोला सहज बोलून गेला, "हल्ली पायाला फार मुंग्या येतात गं."

सासूबाईंना एका कानाने कमी ऐकू येतं आणि नेमका तोच कान जावयाकडे होता. त्यांच्यापर्यंत 'फार मुंग्या' एवढंच पोचलं.

"लाल का काळ्या?" त्यांनी विचारलं.

"अगं आई, तशा मुंग्या नाहीत," बायको म्हणाली आणि त्याच्याकडे वळली. "पण अहो, पायाला मुंग्या कशाने? त्या गोळ्यांनी तर नाही?"

आठनंबर घाईघाईने म्हणाला, "नाही नाही, आई म्हणतात त्याच मुंग्या. लाल. काही काळ्यासुद्धा."

झालं. पावडर आली, खडूच्या रेघा आल्या, पलंगाखाली वाट्या आल्या. साखरेचा डबा कपाटात, कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. मुंग्या नव्हत्याच, त्यामुळे त्या सापडेनात. सापडेनात म्हणून सासूबाईंना त्या फारच लबाड वाटू लागल्या. "जावईबापू, तुम्ही हलू नका," त्या म्हणायच्या, "तुम्ही बसलात की त्या येतात."

तो बसून राहायचा. गोळी घेतली तर पाय जाणार, सोडली तर गाठ परत येणार, बोललं तर अब्रू जाणार आणि गप्प बसलं तर घरातली साखर. हळूहळू आग कमी झाली. त्याला बरं वाटलं. वास्तविक आग कमी झाली नव्हती, पायच गप्प झाले होते. दुकानात तो एका ग्राहकाची सँडल घालून दुपारभर हिंडला. ग्राहक अनवाणी बसून राहिला. पायात दुसऱ्याची सँडल आहे हे कळलंच नाही, म्हणून तो घाबरला आणि उद्यापासून गोळ्या बंद, असं त्याने त्याच दिवशी ठरवलं.

संध्याकाळी घरी येऊन त्याने बूट काढला. मोजा लाल झाला होता.

बायकोने बूट उलटा करून आत बोट घातलं. "अहो, तळव्याची चूक वर आलीय, हा बघा बारीक खिळा. एवढी पायात रुतत होती आणि तुम्हाला कळलं नाही?"

"कुणाची चूक?" सासूबाईंनी विचारलं.

आठनंबरने पायाकडे पाहिलं. रक्त त्याचं होतं, दुखत मात्र कुणालाच नव्हतं. "माझीच," तो म्हणाला आणि खोक्यातला डावा बूट आणून दोघींसमोर ठेवला. मग सगळं सांगितलं.

बायकोने त्याचा पाय पुसायला घेतला. मग सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी इतके दिवस बिनसाखरेचा चहा प्यायले तो टीबीपायी?" आणि पदर डोळ्यांना लावून त्याच्यासाठी चपला शोधायला उठल्या.

दवाखान्यातल्या सिस्टरने जखम धुतली. "आग होत होती तेव्हा का नाही आलात?"

"म्हटलं, तुम्ही गोळ्या बंद कराल. किंवा वाढवाल."

"या गोळ्यांतल्या एकीने शरीरातलं बी-सहा जीवनसत्त्व कमी पडतं. नसा उपाशी राहतात. आधी मुंग्या, आग, मग बधिर. त्यावर गोळी आहे, एवढीशी. पण तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हाला कसं कळणार? तुमचे पाय आमच्याशी बोलत नाहीत."

"मग टीबीच्या गोळ्या बंद करू?"

"स्वतःच्या मनाने एकही नाही. काय बदलायचं ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त लपवू नका."

डॉक्टरांनी नसा तपासल्या, रक्तातली साखरही पाहिली आणि जीवनसत्त्वाची गोळी सुरू केली. पाय सावकाश, कुरकुरत, जागे होऊ लागले. पहिल्यांदा खडा टोचला तेव्हा आठनंबर रस्त्यात उभा राहून हसला.

नागरिकहो, धडा साधा आहे. टीबी किंवा कुष्ठरोगाचं औषध चालू असताना पायाला मुंग्या आल्या, आग झाली, बधिर वाटलं, नजरेत फरक पडला, तर लगेच दवाखान्यात सांगा. गोळी मनाने सोडू नका. आजार लपवण्यासारखा नसतो. लपवलेली चूक मात्र चालताना आणखी आत जाते.

सबब, संबंधित खात्यास नम्र विनंती करण्यात येते की, 'मुंग्या' हा शब्द पाय व कीटक असे दोघेही वापरत असल्याने जनतेची गैरसोय होत आहे. तरी दोघांपैकी एकाने तो तत्काळ रिकामा करून द्यावा. तसेच सदर घरातील समस्त मुंग्यांनी, त्या अस्तित्वात नसल्या तरी, घर सोडल्याचे सासूबाईंस समक्ष येऊन कळवावे, म्हणजे पलंगाखालच्या वाट्या उचलता येतील.