पहारा कोणाचा

बाहेर पडायची घाई करू नका, बसा जरा. छोटीशी गोष्ट सांगतो, मग खुशाल जा.

स्टेनग्रीम म्हातारा बाबागाडी जिन्यावरून खाली उतरवत होता. दर पायरीला धडाड. गाडीत त्याची नात स्वाला, चांगली पाच वर्षांची घोडी, पाय बाहेर लोंबकळत.

"एवढी मोठी पोर गाडीत मावते का?" दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनं दार उघडून विचारलं.

"नाही मावत. म्हणून तर पाय बाहेर आहेत."

"अंगणात गाड्या ठेवायच्या नाहीत म्हणून कागद लावलाय."

"मग कागदाला म्हणावं, तूच हिला झोपवून दाखव."

आमच्याकडं तान्ही पोरं दुपारी अंगणातच झोपतात, लोकरीत गुंडाळून, बर्फ असो की वारा. स्वाला मात्र कुठंच झोपत नव्हती. गावाखालची जमीन हलायला लागली, लाव्हा येणार म्हणून रातोरात सगळ्यांना शहरात आणलं, तेव्हापासून डोळा लागला की दचकून उठायची. तिच्या आईनं, उन्नुरनं, दिवा मंद करून बघितला, गरम दूध दिलं, पाठ थोपटली. "काही होणार नाही गं राणी," म्हणायची. पोर तिच्याकडं थापाड्याकडं बघावं तशी बघायची.

म्हाताऱ्यानं गाडी भिंतीच्या आडोशाला लावली आणि बाकावर टेकला.

"मी झोपणार नाही," स्वाला म्हणाली.

"नको झोपू. कोण म्हणतंय?"

स्वालानं गाडीच्या कडेवरून वाकून जमिनीकडं बघितलं.

"त्या रात्री मलाच आधी कळलं. तुम्ही सगळे घोरत होता."

म्हाताऱ्याची उभी हयात मासेमारीच्या बोटीवर गेलेली. तिथं पहाऱ्यावरचा गडी कितीही पेंगला तरी जागा सोडत नाही, दुसरा येऊन "घेतला" म्हणेपर्यंत. तो उठला, कानटोपी सारखी केली, गाडीसमोर ताठ उभा राहिला.

"पहारा कोणाचा?"

पोरीनं त्याला नीट न्याहाळलं. "माझा."

"काय दिसलं?"

"जमीन गप्प आहे. एक मांजर आहे."

"घेतला."

"आणि हलली तर?"

"हलू दे. तुला उचलीन आणि पळीन. गुडघ्यांना कोण विचारतंय."

"तू घोरतोस आजोबा."

"पहाऱ्यावर कधी घोरलो नाही."

तिनं पांघरूण नाकापर्यंत ओढलं. जरा वेळानं लोंबकळणारे पाय सैल पडले.

तेवढ्यात उन्नुर खाली आली. कोटाची बटणं वरखाली लागलेली, हातात फोन, त्यात भूकंपाच्या धक्क्यांचा नकाशा.

"बाबा, ही काय नाटकं? नर्स म्हणाली होती, खाटेवरच झोपायची सवय..."

गाडीकडं बघून ती थांबली. बाकावर बसली. अंगठा आपसूक नकाशावर फिरायला लागला.

म्हाताऱ्यानं हात पुढं केला.

"पहारा कोणाचा?"

"बाबा, पुरे."

हात तसाच राहिला.

"माझा," ती नकाशावरचा अंगठा थांबवत म्हणाली.

"काय दिसलं?"

"सकाळपासून दोन हलके धक्के. गावातलं घर उभं आहे अजून."

"घेतला."

फोन म्हाताऱ्याच्या खिशात गेला. उन्नुरनं भिंतीला डोकं टेकलं.

अजून तशीच आहेत तिघं, या खिडकीतून दिसतील. म्हातारा ताठ बसलाय. तुम्हाला अंगणातूनच जायचंय ना? मग एक करा, तेवढं दार हळू लावा.