उभ्यानं लिहायची वही

या, जरा जवळ सरकून बसा. आजच्या कीर्तनाचे बुवा अजून वाटेतच आहेत. तोवर तुम्हाला एका वहीची गोष्ट सांगतो.

आपल्या डिंगोऱ्याच्या हौशीरामबुवांची लेक हर्षाली पोलिसात शिपाई झाली. बुवांच्या कीर्तनात मी मागे टाळ धरायचो, म्हणून ती मला सोपानकाका म्हणते. बुवा गेल्यावर भरतीच्या मैदानावर तिला मीच सोडायला जायचो. पोरीला ठाण्यात बसायचं नव्हतं. गावोगाव फिरावं, माणसांशी बोलावं, तपास करावा, एवढाच तिला ध्यास. पण सुरुवातीलाच घोळ झाला. आळेफाट्याजवळ ट्रक आणि पिकअपची धडक झाली होती. हर्षालीकडे कुणीतरी भेट दिलेली जाडजूड डायरी. ती एका हातात पेलवेना, म्हणून साक्षीदाराचं बोलणं तिनं सुट्या कागदावर टिपलं आणि कागद वाऱ्यानं उडून गेला. साहेब म्हणाले, "पुन्हा असं झालं तर बाहेरची ड्युटी बंद. कॉम्प्युटरवर बसायचं."

म्हणून तिला घेऊन जुन्नरला राजमहंमदभाईंकडे गेलो. भाई जुने बायंडर. दुकानात शिरताच खळीचा आंबूस वास आला आणि मला एकदम बुवांचे दिवस आठवले.

"पोरीला ड्युटीसाठी वही पायजे, भाई."

"तारेची ने की. समदे तीच नेत्यात."

"नको चाचा," हर्षाली म्हणाली, "तिचं पान फाडलं तरी कळत नाय. कोर्टात वकील विचारील, मधलं पान कुठं गेलं, तर काय सांगू?"

"मग डायरी?"

"तिनंच तर घात केला!"

भाईंनी तिच्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा दिला. "उभी राहून लिहून दाखव. टेबल नसतं का गं तुला?"

"उसाच्या बांधावर कुठलं टेबल, चाचा?"

"अगं, मग तुला बापाचं बाड पायजे!"

बाड म्हणजे कीर्तनकाराची अभंगांची वही. अरुंद, लांबट, वरच्या अंगाला शिवलेली. पान बाजूला नाही, वर उलटायचं. बुवा उभे राहत तेव्हा ती त्यांच्या डाव्या तळहातावर अशी बसायची, जणू हाताचाच भाग. अंगठा खालच्या कोपऱ्यावर सरकला की आम्ही ओळखायचो, आता नवा चरण येणार, आणि टाळ सावरायचो. काय दिवस होते ते! बुवांचं प्रत्येक बाड भाईंच्याच हातचं. दर वर्षी सप्ताहाच्या आधी भाई ते कापडात गुंडाळून स्वतः आणून द्यायचे, आणि काल्याच्या दिवशी प्रसादाला हमखास यायचे.

भाईंनी खिशात मावेल असं बाड शिवायला घेतलं. सुईत दोरा हर्षालीनं ओवून दिला.

पानांवर आकडे घालायचे होते, ते काम तिनं घरी आईला सांगितलं. मंगलवहिनींनी देवापुढं बसून आकडे घातले, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर सुरेख अक्षरात 'रामकृष्णहरी' लिहिलं. बुवांचं नवं बाड आलं की त्या तसंच करायच्या. हात त्याच वळणानं चालला.

हर्षालीनं कपाळाला हात लावला. "आये, ही कामाची वही हाय! चोराच्या नावावर रामकृष्णहरी?"

"मग काय झालं? त्यालाबी देवच सोडवील."

"सोडवायचा न्हाई आये, धरायचाय!"

नाम तर पानोपान, फाडून तरी किती पानं फाडणार? दुसऱ्या दिवशी तर बोरी बुद्रुकला विहिरींवरच्या मोटारी चोरीला गेल्याचा तपास. पोर रडकुंडीला आली. दुकान उघडायच्या आधीच आम्ही भाईंच्या दारात.

ऐकून भाई ठसका लागेस्तोवर हसले. "मी बाड शिवून दिलं, वहिनींनी त्यात देवाचं नाव घातलं. त्यांचं काय चुकलं?" आणि चहाही न घेता दुसरी शिवायला बसले. या खेपेला हर्षालीनं तिथंच बसून आकडे घातले. नामाची वही वहिनींनी मला दिली.

बोरीला बांधावर वारा नुसता भणाणत होता. सोमाजी नावाचा शेतकरी पुढं चालत दाखवत होता, केबल कुठं तोडली, जीप कुठं उभी व्हती, नंबर कसा दिसला. हर्षाली त्याच्यामागं चालत, थांबत, लिहीत गेली. वही हातात घट्ट. साहेबांनी संध्याकाळी सगळं वाचलं. शाबासकी नाही, काही नाही. एवढंच म्हणाले, "जीप घोडेगावची दिसतीय. उद्या तिकडं जायचंय, तयार राहा."

ती वही भरल्यावर हर्षाली भाईंना दाखवायला गेली. "आतलं वाचू नका हं, चाचा."

"मला कुठं वाचायचंय? मी पाठ बघतो." त्यांनी शिवणीवरून हळूच बोट फिरवलं. "एक टाका हलला न्हाई," म्हणाले, आणि वही पुसून तिच्या हातात दिली.

या रमजानच्या आधी भाई गेले. दुकानाला आता कुलूप आहे, आणि हर्षाली अजून गावोगाव फिरतेय. तेव्हा माउली, कधी दोऱ्यानं शिवलेली वही तुमच्या हाती आली, तर आमच्या राजमहंमदभाईंची तेवढी आठवण काढा.