घंटा वाजवणारं हॉस्पिटल

ठण्ण! हॉस्पिटलच्या हॉलमधली पितळी घंटा वाजली आणि बाकांवरची माणसं हात जोडून उभीच राहिली. "आणखी एक लिव्हर सुटलं!" कुणीतरी डोळे पुसत म्हणालं. ज्याच्यासाठी घंटा वाजली तो गडी स्वतःच्या पायांनी चालत आला आणि मशीनचा चहा पिऊ लागला. सकाळी लिव्हरचं ऑपरेशन, दुपारी चहा! आता याला चमत्कार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

मास्तरीणबाई कोपऱ्यात बसून बघत होत्या. धाकट्या भावाच्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ निघाली होती आणि उद्या ती इथेच कापायची ठरली होती. भाऊ शेजारीच बसला होता आणि भावजय तर हरखूनच गेली होती.

"ताई, भिंतीवर वाचलंत ना? हजारावर लिव्हर ऑपरेशनं! एवढा हात बसलेला माणूस दुसरा कोण मिळणार?"

मुद्दा बाईंनाही पटत होता. रोज गाडी चालवणारा वेगळा आणि वर्षातून एकदा स्टिअरिंग धरणारा वेगळा. पण त्या गड्याचा चहा काही बाईंच्या घशाखाली उतरेना. त्या उठून त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

"भाऊ, टाके दुखत नाहीत?"

"कसले टाके?" त्याने शर्ट वर केला. बरगडीपाशी एवढीशी चिकटपट्टी. "तपासायला सुईनं कण काढला हो. काय आहे ते पुढच्या आठवड्यात कळेल."

"मग घंटा?"

"ती सगळ्यांसाठीच वाजवतात. पोटातलं पाणी काढलं तरी!"

बाईंचं डोकंच फिरलं. तेवढ्यात डॉक्टरांची स्वारी आली, मागे भक्तमंडळी. "मी हात लावला की लिव्हर माझं ऐकतं!" डॉक्टर सांगत होते.

"डॉक्टरसाहेब, सुया सोडा," बाई आडव्या आल्या. "लिव्हर कापून गाठ काढलीत, अशी ऑपरेशनं वर्षाला किती?"

"ताई, आकड्यांत अडकू नका. विश्वास ठेवा."

"अहो, भिंतीवर आकडा तुम्हीच लावलाय! कशाचा, एवढंच विचारतेय."

डॉक्टरांनी आधी घड्याळ पाहिलं, मग छत. "गेल्या वर्षी... एक. पण फार सुंदर झालं होतं."

"आणि तो पेशंट?"

"त्याला मग मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. पुढचं त्यांना ठाऊक."

भावजयीने रिपोर्टांची फाईल काखेत मारली. बाईंचा भाऊ उठला आणि चपला शोधू लागला.

दुसऱ्या हॉस्पिटलात घंटा नव्हती, भिंतीचा रंगही उडाला होता. तिथला सर्जन सरळ म्हणाला, "हे ऑपरेशन आमची टीम दर आठवड्याला करते. नंतर काही बिघडलं तर सांभाळणारे इथेच असतात. तरी सगळे वाचत नाहीत." किती वाचले, किती गेले, तेही त्याने सांगितलं.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, भीती वाटतेच गं. पण हा खरं बोलला. इथेच करू."

तेव्हा बाबांनो, आकड्यापुढे हात जोडण्याआधी तोंड उघडा. नेमकं हेच ऑपरेशन किती वेळा करता आणि पुढे त्या माणसांचं काय झालं, एवढं विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि रागावलाच, तर चपला शोधा.