मनगटावरचा काळा पट्टा

जिममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ट्रेडमिल बंद, गाणी बंद. सगळे आरशासमोर गोळा झाले होते. जिमच्या मास्टरने माझ्या मेहुणीला एका पायावर उभं केलं, हात बाजूला पसरायला लावला आणि वरून दाबला. ती कोलमडली. मग मनगटावर काळा पट्टा चढवून पुन्हा दाबला. ती खांबासारखी उभी! टाळ्या पडल्या.

"बघितलंत? ऊर्जा जागी झाली!" मास्टर म्हणाला. "आता बीपीच्या गोळ्या कचऱ्यात. अहो, गल्लोगल्ली जिम उघडतायत, देशभर हा धंदा नुसता फोफावतोय. लाखो लोक पट्टा घालतात. ते काय वेडे आहेत?"

हेच ऐकून माझ्या बायकोने गोळ्या सोडल्या होत्या. व्यायामाने तिचं भलंच होत होतं, घात केला तो पट्ट्याने. घरी ती मला हात दाबायला लावायची आणि तोल सांभाळला की म्हणायची, "आता बोला!" मग एक दिवस डोक्यात रक्तस्राव झाला. इस्पितळात नर्सने पट्टा काढला, तर ती खुणा करून परत मागत राहिली. शेवटी मीच तो तिच्या मनगटावर चढवला. ती गेली.

ताईची आठवण म्हणून मेहुणीने तो मागून घेतला. आज तिच्या मनगटावर तोच होता.

माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. ती पुढे झाली.

"मास्टर, मावशीला लांब बाह्यांचं जॅकेट घालते. आत पट्टा आहे की नाही, ते तुम्ही हात दाबून ओळखायचं."

"मॅडम, ऊर्जेची परीक्षा घेत नसतात."

"मग मघाशी काय घेतलीत? मुलाखत?"

लोक हसले. मास्टर पाण्याची बाटली शोधू लागला.

मुलीने पट्टा काढून माझ्याकडे दिला. मावशीचा हात बाहेरच्या बाजूला ओढत दाबला, मावशी कलंडली. मग तोच हात पायांच्या दिशेने दाबला. मावशी जागची हलली नाही.

"पट्टा बाबांच्या मुठीत आहे. बाहेर दाबलं की तोल जातो, पायांकडे दाबलं की जात नाही. त्यात दुसऱ्या वेळी माणूस सावधही असतो. बस, एवढंच."

"एवढंच?" मेहुणी म्हणाली. "एवढ्यासाठी ताई गेली?"

मागे एका बाईने आपला पट्टा हळूच काढला.

माझं सांगणं साधं आहे. जिमला जरूर जा, घाम गाळा. पण धंदा मोठा झाला म्हणून त्यातली थाप खरी होत नाही. चमत्कार दिसला, तर म्हणा, "पुन्हा करा, या वेळी न बघता." आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.

आमच्या घरी आल्यावर मेहुणीने ताईचं कपाट उघडलं. "भावोजी, माझ्या गोळ्या मी फेकल्या. ताईच्या आहेत ना, त्याच घेऊ?"

"नको. तुझ्या डॉक्टरांकडे चल, आत्ताच."

तिने ताईच्या गोळ्यांचं पाकीट परत ठेवलं. ते भरलेलंच होतं.